आधी काळ, मग उत्क्रांती : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात उत्क्रांती शिकवताना येणाऱ्या अडचणी कळवा, असं आवाहन केलं होतं. पत्रं बरीच आली. वाचता वाचता लक्षात आलं की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. प्राणी बदलले हे मुलं मान्य करतात; त्याला किती वेळ लागला हे त्यांच्या मनात उतरत नाही. आणि वेळ उतरला नाही तर बाकीचं सगळं जादूसारखं वाटतं, मग ते पटो किंवा न पटो. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पृथ्वीचं वय 454 कोटी वर्षं म्हटलं की मुलं आकडा लिहून घेतात आणि पुढच्या ओळीवर जातात. 24 तासांचं घड्याळ वापरून पाहिलं. उत्तरपत्रिकेत ‘माणूस शेवटच्या काही सेकंदांत आला’ एवढं एकच वाक्य परत आलं. दुसरं काही सुचवाल का?

घड्याळ मला कधीच फारसं पटलं नाही. कोटी वर्षांचे तास, तासांची मिनिटं असं रूपांतर करण्यातच मुलाची शक्ती जाते आणि हाती येते ती फक्त एक वेळ, जी ऐकता येते पण मोजता येत नाही. त्याऐवजी दोरी घ्या. 1 मीटर म्हणजे 10 कोटी वर्षं. मग 1 सेंटिमीटर म्हणजे 10 लाख वर्षं आणि 1 मिलिमीटर म्हणजे 1 लाख. पृथ्वीचं वय होतं 45 मीटर 40 सेंटिमीटर. मैदान नसेल तर लांब व्हरांडा चालतो. तोही नसेल तर प्रमाण दहापट लहान करा, भिंतीवर साडेचार मीटरची पट्टी बसते. पण मोठी दोरी शक्य असेल तर ती सोडू नका. ती चालत ओलांडावी लागते आणि पायांना जे कळतं ते डोक्यात टिकतं.

आता महत्त्वाची गोष्ट. चिठ्ठ्या तुम्ही लावू नका. ‘पहिले सजीव’, ‘हवेत ऑक्सिजन’, ‘जमिनीवर वनस्पती’, ‘पहिला डायनासोर’, ‘शेवटचा डायनासोर’, ‘माणूस’ अशा चिठ्ठ्या मुलांच्या हातात द्या आणि अंदाजाने लावायला सांगा. डायनासोर जवळजवळ हमखास दोरीच्या मध्यावर जातो. ते तसंच राहू द्या, कुणालाही दुरुस्त करू नका. मग ‘आज’च्या टोकापासून टेप लावून मोजायला सांगा. पहिले डायनासोर सुमारे 2 मीटर 30 सेंटिमीटरवर येतात, शेवटचे 66 सेंटिमीटरवर. आपली प्रजाती, म्हणजे होमो सेपियन्स, 3 मिलिमीटरवर. लिखित इतिहासाची पाच हजार वर्षं 0.05 मिलिमीटर होतात; ती पट्टीवर दाखवताच येत नाहीत. आपली चिठ्ठी हातात धरून मध्यावरून टोकापर्यंत चालत आलेल्या मुलाला पुढे फार समजवावं लागत नाही.

इथे एक धोका आहे आणि तो मी बऱ्याच वर्गांत पाहिला आहे. मोजून झाल्यावर बहुतेक चिठ्ठ्या शेवटच्या पाच-सहा मीटरमध्ये गोळा होतात आणि मुलांना उरलेली चाळीस मीटर दोरी रिकामी वाटते. ती रिकामी नाही. सूक्ष्मजीवांच्या थरांनी घडवलेले स्ट्रोमॅटोलाइट नावाचे खडक साधारण 35 मीटरवर भेटतात. ऑक्सिजन हवेत साठू लागला तो 24 मीटरच्या आसपास, आणि तो सोडणारेही सूक्ष्मजीवच होते. केंद्रक असलेल्या पेशींचे सर्वमान्य जुने जीवाश्म 16-17 मीटरवर आहेत. सजीवांच्या इतिहासाचा बहुतांश भाग एकपेशीयांचा आहे. प्रकाशसंश्लेषण, श्वसन, केंद्रक ही आपल्या शरीराची आणि आपल्या जगण्याची मूळ व्यवस्था याच लांब पट्ट्यात तयार झाली. या पट्ट्यावर थांबा, घाईने पुढे जाऊ नका. मुलं कंटाळतील अशी भीती वाटत असेल तर आपण श्वासात घेत असलेला ऑक्सिजन कुठून आला एवढंच विचारून पाहा.

जाता जाता त्यांना स्टेगोसॉरस आणि टायरॅनोसॉरस यांच्या चिठ्ठ्याही द्या. चित्रांत हे दोघं बिनदिक्कत शेजारी उभे असतात. दोरीवर पहिला दीड मीटरवर पडतो, दुसरा 66-68 सेंटिमीटरवर. म्हणजे टायरॅनोसॉरस काळाच्या हिशोबात स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा आहे. हे त्यांनी स्वतः मोजून काढलेलं असेल तर घरी जाऊन सांगतातच.

प्रश्न : माझ्या सहावीतल्या मुलीने विचारलं, “तेव्हा बघायला कुणीच नव्हतं, मग हे आकडे कुणी सांगितले?” मी ‘कार्बन डेटिंगने कळतं’ असं सांगितलं. बरोबर सांगितलं ना?

तुमच्या मुलीचा प्रश्न या सगळ्या विषयाचा पाया आहे. कार्बनचं उत्तर मात्र इथे लागू पडत नाही. कार्बन-14 चं अर्धायुष्य 5,730 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्माच उरतो. साधारण पन्नास हजार वर्षांनंतर मोजण्याजोगं फारसं काही उरत नाही. डायनासोरचं वय त्याने निघणार नाही.

तिला दोन टप्प्यांत सांगा. आधी क्रम, मग आकडा, कारण इतिहासातही तसंच घडलं. गाळ एकावर एक साचतो, तेव्हा उलथापालथ झाली नसेल तर खालचा थर जुना, हे निकोलस स्टेनो या डॅनिश अभ्यासकाने 1669 सालीच मांडलं. पुढे इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ कालव्यांच्या कामासाठी जमिनीची मोजणी करत हिंडत होता. त्याला दिसलं की ठरावीक थरात ठरावीकच जीवाश्म सापडतात आणि त्यांचा क्रम गावोगावी तोच राहतो. त्याच्या आधारे त्याने 1815 साली भूस्तरांचा नकाशा छापला. डार्विनचा ग्रंथ यायला अजून 44 वर्षं होती. स्मिथला उत्क्रांती सिद्ध करायची नव्हती. त्याला थर ओळखायचे होते. वर्गात हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘उत्क्रांती मानणाऱ्यांनी थर हवे तसे लावले’ हा आक्षेप इथेच संपतो.

आकडे आले ते विसाव्या शतकात, किरणोत्सारामुळे. ज्वालामुखीच्या लाव्हात आणि राखेत झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात. स्फटिक तयार होताना त्यात युरेनियम शिरतं, शिसं जवळजवळ शिरत नाही. युरेनियमचं मात्र ठरलेल्या वेगाने शिशात रूपांतर होत राहतं. युरेनियम-238 चं अर्धायुष्य सुमारे 447 कोटी वर्षं, युरेनियम-235 चं सुमारे 70 कोटी. एकाच स्फटिकात वेगवेगळ्या वेगाने चालणारी ही दोन मापं असतात आणि दोघांचं उत्तर जुळतं का ते पाहता येतं. जीवाश्म असतो गाळाच्या खडकात, त्याच्या वर आणि खाली राखेचे थर असतील तर त्यांची वयं काढायची. जीवाश्म त्या दोन वयांच्या मधला.

पण सहावीच्या मुलीसाठी माझ्याकडे याहून चांगली गोष्ट आहे, आणि ती तिला वहीवर स्वतः सोडवता येईल.

पोवळ्याचा सांगाडा रोज थोडा थोडा वाढतो. त्याच्या बाहेरच्या पृष्ठावर अतिशय बारीक रेघा दिसतात, साधारण दिवसाला एक; आणि वर्षाच्या चक्राप्रमाणे ठळक पट्टेही दिसतात. जॉन वेल्स या अमेरिकन अभ्यासकाने डेव्होनियन नावाच्या भूशास्त्रीय काळातल्या पोवळ्यांच्या जीवाश्मांवर अशा रेघा मोजल्या आणि 1963 साली प्रसिद्ध केल्या. आजच्या पोवळ्यावर एका वर्षाच्या पट्ट्यात 360 च्या आसपास रेघा मिळतात. त्या जुन्या पोवळ्यांवर त्याला मिळाल्या सुमारे 400.

आता मुलीला विचारा, वर्षात 400 दिवस कसे मावतील? पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी तेवढीच आहे, म्हणजे वर्षाचे तास तेवढेच, 8,766. त्याला 400 ने भागलं की दिवस निघतो सुमारे 22 तासांचा. तेव्हा पृथ्वी स्वतःभोवती अधिक वेगाने फिरत होती.

दुसऱ्या बाजूने खगोलशास्त्र येतं. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचं फिरणं मंदावतं आणि दिवस दर शंभर वर्षांनी सरासरी 2 मिलिसेकंदांनी लांबतो. किरणोत्सारी मापाने ती पोवळी साधारण 38 कोटी वर्षांपूर्वीची ठरतात. 38 कोटी वर्षं म्हणजे 38 लाख शतकं. 38 लाख गुणिले 2 मिलिसेकंद म्हणजे 7,600 सेकंद, दोन तासांहून थोडं जास्त. 24 मधून दोन तास वजा करा. उत्तर पुन्हा 22 तासांच्या जवळ येतं.

मंदावण्याचा वेग सगळा काळ अगदी एकसारखा नव्हता, म्हणून हा हिशोब ढोबळ आहे. तरीही युरेनियम, चंद्र आणि पोवळं यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसताना तिघं एकाच आकड्याजवळ येतात. ‘कुणी सांगितलं’ याचं उत्तर हेच. बघायला माणूस नव्हता, पण पोवळं होतं आणि ते रोज एक रेघ ओढत होतं.

प्रश्न : मी दहावीत आहे. माणूस जर माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत? वर्गात विचारलं तर सगळे हसले.

हसण्यासारखं त्यात काही नाही. ते रांगेत चालणाऱ्या माकड-माणसाचं चित्र पाहिलं की कोणाही विचार करणाऱ्याला हाच प्रश्न पडायला हवा. चूक चित्राची आहे.

आजच्या कुठल्याही माकडापासून तू आलेला नाहीस. तुझा चुलतभाऊ तुझा पूर्वज नसतो, पण तुमचे आजोबा एकच असतात. आणि तू जन्मलास म्हणून त्याने नाहीसं व्हावं असं काही नसतं. चिंपांझी आणि माणूस यांचा सामाईक पूर्वज साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी होता. तो चिंपांझी नव्हता आणि माणूसही नव्हता. तिथून दोन शाखा निघाल्या आणि दोन्ही आजपर्यंत बदलत आल्या.

आपली शाखाही सरळ नव्हती. इथिओपियात 1974 साली जिचा जीवाश्म सांगाडा सापडला ती ‘लूसी’ सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीची. ती दोन पायांवर चालायची, पण मेंदूचा आकार चिंपांझीच्या मेंदूच्या आसपासचा होता. आणि अगदी अलीकडे, एक लाख वर्षांपूर्वी, पृथ्वीवर निअँडरथल, डेनिसोव्हन आणि आपण अशा अनेक मानवी शाखा एकाच वेळी नांदत होत्या. आज एकच उरली आहे, त्यामुळे आपल्याला ती रांग वाटते. वहीत रांग काढू नकोस, फांद्या काढ.

प्रश्न : मुलं हमखास लिहितात, ‘माशांना जमिनीवर यायचं होतं म्हणून त्यांना पाय फुटले’ किंवा ‘गरज पडली म्हणून चोच वाढली’. गुण कापून काही फरक पडत नाही. आणि मधले दुवे विचारले तर कोणतं एक उदाहरण नीट शिकवावं? तासिका दोनच मिळतात.

दोन्ही प्रश्नांना एकच उदाहरण पुरेल, म्हणून तेच सविस्तर सांगते.

1990 च्या दशकाअखेरीला परिस्थिती अशी होती : सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत माशांसारखे मासे मिळत होते आणि 36.5 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत चार पायांचे प्राणी. नील शुबिन, टेड डेशलर या जीवाश्म-अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा विचार केला. मधलं काही असेल तर ते मधल्या वयाच्या, उथळ नदीनाल्यांत साचलेल्या गाळाच्या खडकांत असायला हवं. असे खडक कुठे उघडे आहेत ते भूशास्त्रीय नकाशात शोधलं, तर कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय बेटांवर सापडले. 1999 पासून ते तिथे जात राहिले. 2004 साली एल्समिअर बेटावर खडकातून बाहेर डोकावणारा एक चपटं थोबाड दिसलं. तो टिकटालिक, वय सुमारे 37.5 कोटी वर्षं. अंगावर खवले, कल्ले, पर. पण डोकं मगरीसारखं चपटं, डोळे वरच्या बाजूला, आणि मान. माशाला मान नसते, त्याचं डोकं खांद्याच्या हाडांना जखडलेलं असतं. पराच्या आत दंडाचं एक हाड, पुढे दोन हाडं, त्यापुढे मनगटासारखी जुळणी.

मुलांना आधी हाडं दाखवू नका. आधी फक्त दोन वयं आणि नकाशा द्या आणि विचारा, तुम्ही कुठे खणाल? उत्तर त्यांच्याकडूनच आलं पाहिजे. उत्क्रांती म्हणजे घडून गेलेल्याची गोष्ट, असा समज असतो. इथे ती पुढे काय सापडेल ते आधी सांगते आणि त्याप्रमाणे सापडतं.

लगेच एक सावधगिरी. टिकटालिक हा ‘आपला खापरपणजोबा’ असं सांगू नका. पोलंडमध्ये सापडलेले आणि 2010 साली प्रसिद्ध झालेले पावलांचे ठसे टिकटालिकपेक्षा एक कोटी वर्षांहून अधिक जुने आहेत आणि अनेक अभ्यासक ते चार पायांच्या प्राण्याचे मानतात. म्हणजे ही फांदी आधीच फुटलेली असू शकते आणि टिकटालिक हा तिच्या शेजारचा, जुनी ठेवण टिकवून राहिलेला नातेवाईक. हुशार मुलांना ही गुंतागुंत जरूर सांगा. ती लपवली तर पुढे कधीतरी बाहेरून कळेल आणि तुमच्यावरचा विश्वास डळमळेल.

आता ‘यायचं होतं म्हणून’. त्यावर औषध आहे ग्रीनलंडचा अकँथोस्टेगा, सुमारे 36.5 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला बोटं असलेले स्पष्ट पाय होते, पुढच्या पायाला तर आठ बोटं. पण कल्ले पाण्यात श्वास घेणारे, शेपटीला पर, आणि ते पाय जमिनीवर अंगाचा भार पेलतील असे नव्हते. म्हणजे पाय आले पाण्यातच, उथळ, झाडझाडोऱ्याने भरलेल्या पाण्यात तळाला रेटा देत सरकायला उपयोगी पडणारे. जमीन नंतर आली. जमिनीवर जायची इच्छा पायांचं कारण असूच शकत नाही, हे मुलांना क्रमावरूनच दिसतं.

आणि ‘गरज पडली म्हणून चोच वाढली’ यासाठी गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर जा. पीटर आणि रोझमेरी ग्रँट 1973 पासून तिथे फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होते. 1977 साली दुष्काळ पडला, लहान मऊ बिया संपल्या, मोठ्या टणक उरल्या. ‘मध्यम जमिनी फिंच’ या जातीतले बहुतेक पक्षी मेले. कुणाचीही चोच वाढली नाही. ज्यांची आधीच जरा जाड होती ते अधिक वाचले आणि त्यांच्या पिलांत ती उतरली. पुढच्या पिढीची सरासरी बदलली, तीही फक्त मिलिमीटरच्या अंशाने. 1983 च्या अतिवृष्टीनंतर लहान बियांचा सुकाळ झाला आणि पारडं लहान चोचींकडे झुकलं. फळ्यावर कर्ता बदलायची सवय लावा : ‘पक्ष्याने चोच वाढवली’ ऐवजी ‘जाड चोचीचे पक्षी अधिक उरले’. मग दोरीकडे बोट दाखवा. तो सगळा बदल, दुष्काळ, पाऊस, दोन्ही दिशांचा, दोरीवर 0.0001 मिलिमीटर. एवढ्याशा जागेत हे घडतं तर मीटरभर दोरीत काय घडू शकेल, हे त्यांनाच बोलू द्या.

प्रश्न : एका विद्यार्थ्याने नेच्यासारखी नक्षी असलेला दगड आणला आणि “हा जीवाश्म आहे का?” असं विचारलं. मला सांगता आलं नाही. अशा वेळी काय करावं?

नेच्यासारखी काळी, नाजूक नक्षी बहुधा जीवाश्म नसते. दगडाच्या भेगेत पाणी झिरपून मँगनीजची ऑक्साइडं अशी फांद्याफांद्यांनी वाढतात. भिंगाखाली पाहा : मधली शीर आणि जोडीने निघालेली पानं दिसतात का, की फांद्या भेगेच्या कडेपासून कशाही फुटल्या आहेत? नक्षी फक्त फुटलेल्या पृष्ठावर रंगासारखी बसली आहे, की तिला उठाव किंवा खोलवा आहे? भेगेच्या कडेपासून कशाही फुटलेली, सपाट नक्षी मँगनीजची असण्याचीच शक्यता जास्त.

पण निर्णय घाईने देऊ नका. इंग्लंडमधल्या चार्नवुड जंगलात 1956 साली टीना नेगस या शाळकरी मुलीला खडकावर नेच्यासारखा ठसा दिसला. खडक कँब्रियनपूर्व काळाचा, म्हणजे सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कँब्रियन काळाच्याही आधीचा, आणि त्या काळाच्या खडकात जीवाश्म नसतात असं तेव्हा सगळ्या पुस्तकांत होतं. तिने शिक्षिकेला सांगितलं, तर उत्तर मिळालं की मग तो जीवाश्म नाही. पुढच्या वर्षी रॉजर मेसन या मुलाला मित्रांबरोबर चढताना तोच ठसा दिसला. त्याच्या वडिलांच्या ओळखीतून गोष्ट भूशास्त्रज्ञ ट्रेव्हर फोर्डपर्यंत गेली. फोर्डने जागेवर येऊन पाहिलं आणि 1958 साली ‘चार्निया’ म्हणून त्याचं वर्णन केलं. कँब्रियनच्याही आधी, 55 कोटी वर्षांपलीकडे, डोळ्यांना दिसण्याएवढे मोठे सजीव होते हे त्याने दाखवलं. दोरीवर ही चिठ्ठी साडेपाच मीटरच्या थोडी पलीकडे लावा.

म्हणून तुमच्या विद्यार्थ्याला ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ असं म्हणा आणि त्याच्याकडून काम करून घ्या. दगड नेमका कुठे मिळाला ते लिहून ठेवायचं. सुटा पडलेला होता की खडकात बसलेला, हेही लिहायचं. खडकात असेल तर उपटायचा नाही, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्यायचा, वरचा आणि खालचा थर फोटोत यायला हवा. मग तो फोटो आणि टिपण जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला पाठवायचं, पत्रावर सही विद्यार्थ्याचीच.